आधी किंवा नंतर

सिद्धेश्वरच्या धरणातून कालव्याला पाणी सुटायचं असलं की शेतकऱ्याने आधी सात नंबरचा अर्ज भरायचा. मग शेजपाळी लागते. कुणाची पाळी कधी, कुठल्या चारीवर, किती वेळ, हे त्यात ठरतं. वर जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण पूर्णेला अडवतं. तिथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वरला येतं आणि इथून कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेडच्या शिवारांत जातं. शेजपाळी तंतोतंत पाळली जाते असं शपथेवर सांगणारा माणूस मिळणार नाही. रात्री चारी फोडणारे कुठल्याही कालव्यावर असतातच. पण गंमत अशी की भांडण झालं तरी माणसं शेजपाळी पुढे करूनच भांडतात. ‘माझी पाळी होती’ असं म्हणतात. ‘माझ्या अंगात जोर होता’ असं उघड कुणी म्हणत नाही. नियम आधी ठरलेला असतो, सगळ्यांना ठाऊक असतो, आणि कालव्याच्या मुखाशी असलेल्याला व शेपटाशी असलेल्याला सारखाच असतो. गहू भिजला, कापला, खळं झालं आणि मग कुणी साहेब येऊन म्हणाला की मागच्या माघात तू घेतलेलं पाणी आजपासून चोरीचं ठरवलं आहे, तर त्या साहेबाचं काय होईल ते सांगायला नको.

‘कायद्याचं राज्य’ या भारदस्त शब्दाचा ऑक्सफर्डच्या ए. व्ही. डायसीने १८८५ साली सांगितलेला पहिला अर्थ याहून फार वेगळा नाही. कायद्याने नेमका सांगितलेला गुन्हा घडलेला असावा, तो नेहमीच्या न्यायालयात नेहमीच्या रीतीने शाबीत व्हावा, आणि त्यावाचून कुणाच्या अंगाला किंवा मालमत्तेला हात लागू नये. डायसीला ही इंग्रजांच्या घरची खास पुंजी वाटत असे. त्याच्या पुस्तकाच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी त्याच्याच देशबांधवांनी एक कायदा केला होता. त्यातल्या ‘आधी किंवा नंतर’ या तीन शब्दांनी ही पुंजी गहाण टाकली. त्या कायद्यामागच्या ज्या हकिकती इंग्लंडात सगळ्यात जास्त वाचल्या गेल्या, त्यांतली एक आमच्या हिंगोलीची आहे.

आज हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला. दोनशे वर्षांपूर्वी ती छावणी होती. गावात रिसाला बाजार हे नाव अजून आहे, ते त्या काळातलं. ही छावणी हैदराबाद कंटिंजंटची. जमीन निजामाची, शिपायांचा पगार निजामाच्या तिजोरीतून, अधिकारी मात्र इंग्रज आणि हुकूम इंग्रज रेसिडेंटाच्या कलाने. हैदराबादला दिवाण चंदूलाल या फौजेचा खर्च भागवता भागवता सावकारांच्या दारात उभे राहत. पुढे थकबाकी इतकी झाली की १८५३ साली तिच्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. म्हणजे हिंगोलीत राज्य कुणाचं, या प्रश्नाला तेव्हा एक उत्तर नव्हतं. खजिन्याचं उत्तर वेगळं, तलवारीचं वेगळं. असा दुहेरी अंमल असला की अंधाऱ्या धंद्यांना जागा सापडते.

त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. छावणीतल्या साहेबलोकांच्या ओळखीचा, पत असलेला, प्रतिष्ठित. ही हकिकत फिलिप मेडोज टेलरने लिहून ठेवली आहे. हा टेलर पंधराव्या वर्षी मुंबईला उतरला, पुढे निजामाच्या नोकरीत शिरला आणि नळदुर्गच्या लोकांना पुढची कितीतरी वर्षं आठवत राहिला. १८३९ साली त्याने एका ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत हरिसिंग येतो, आणि तो कादंबरीतला नाही, खरा आहे.

हरिसिंगाला कळलं की हिंगोलीजवळच्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड भरून परत निघाला आहे. हरिसिंगाने काय करावं? तो सरळ अधिकाऱ्याकडे गेला आणि मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. साहेबाने परवाना दिला. तो घेऊन हरिसिंग आणि त्याचे साथीदार निघाले. वाटेत त्या व्यापाऱ्याला गाठलं. त्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना मारलं. माल त्याच परवान्यावर उजळ माथ्याने हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात मांडून विकला. साहेबांच्या सह्या-शिक्क्यांनिशी मेलेल्या माणसाचं कापड साहेबांच्याच छावणीत खपलं. हे कधी उघडकीस आलंच नसतं. पकडला गेल्यावर हरिसिंगाने स्वतःच सांगितलं, आणि तेही मोठी थट्टा केल्याच्या थाटात.

याहून पुढचं टेलर सांगतो ते वाचताना अजून थांबायला होतं. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, बाजारातच, या माणसाने अनेकांना मारलं आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर पुरलं. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या आणि खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः तिथे हजर होता. एकेका खड्ड्यात अनेक सांगाडे होते. ठगांचं प्रकरण म्हणजे गोऱ्या साहेबांनी रचलेली भयकथा असं म्हणण्याची आजकाल पद्धत आहे. काही इतिहासकारांनी कालीपूजा आणि खुनाचा गुप्त पंथ या भागाबद्दल शंका घेतल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत. पण हिंगोलीचे खड्डे रिकामे नव्हते. औंढ्या नागनाथाच्या वाटेवरचा यात्रेकरू असो, वऱ्हाडातून उतरणारा बैलांचा व्यापारी असो की रजेवर घरी निघालेला शिपाई असो, तेव्हाचा प्रवासी वाटेत भेटलेल्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या भरवशावरच असायचा. त्याचं रक्षण करणं हे राज्याचं पहिलं काम होतं. इथवर कुणाचाच वाद नाही.

वाद पुढे आहे.

नर्मदेच्या खोऱ्यात नरसिंहपूर आणि जबलपूरकडे काम करणाऱ्या विल्यम स्लीमनने ठगांच्या या टोळ्या शोधून काढण्याचा ध्यास घेतला होता. त्याच्यापुढची अडचण खरीच होती. खून मुलखापासून दूर होई. मेलेला माणूस परका, प्रेत पुरलेलं, फिर्याद देणारं कुणी नाही. महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्या माणसाची वाट पाहत बायको बसलेली असे, आणि वाट पाहण्याची फिर्याद होत नाही. कुठल्या जिल्ह्यात खून झाला हेच ठाऊक नसेल तर कुठल्या न्यायाधीशाने खटला चालवावा? ईस्ट इंडिया कंपनीची फौजदारी न्यायालयं तेव्हा इस्लामी फौजदारी कायद्याच्या आधाराने चालत. निवाड्याआधी काझी-मुफ्तीचा फतवा घ्यावा लागे, आणि साथीदाराच्या साक्षीला फारसं वजन नसे.

स्लीमनने जो मार्ग काढला त्याला मराठीत आपण आज सहज ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतो. टोळीतला एक फोडायचा, फाशी टळेल असं आश्वासन द्यायचं आणि त्याच्या तोंडून बाकीच्यांची नावं घ्यायची. स्लीमन या साक्षीदारांना वेगवेगळं ठेवून विचारी, त्यांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाही, घराण्यांच्या वंशावळ्या मांडी. दाखवलेल्या जागी सांगाडे निघत. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा नामांकित म्होरक्या हाती लागला आणि तोही साक्षीदार झाला. मग नावांतून नावं निघत गेली. नर्मदेच्या दक्षिणेला, निजामाच्या मुलखात, हे काम कॅप्टन रेनॉल्ड्सकडे आलं आणि हिंगोलीचे खड्डे उकरले गेले.

ही पद्धत हुशारीची होती. तिचा दोष हुशारीच्या पोटातच होता. माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या उपयुक्ततेवर टांगलेला असे. उपयोग संपला की माफीचं काय, हे तोही जाणत होता. नावं सांगत राहणं हे त्याचं जगणं होतं. आणि ज्याचं नाव घेतलं गेलं त्याला वकील नव्हता. आरोप बहुधा असे नसत की अमुक दिवशी अमुक माणसाला मारलं. आरोप असे की हा त्यांच्यातला आहे.

‘त्यांच्यातला’ हा शब्द कायद्यात आणण्याचं काम १८३६ च्या तिसाव्या कायद्याने केलं. कायदा लहानसा आहे, एका बैठकीत वाचून होतो. जो कोणी हा कायदा होण्याच्या आधी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा मुलखाबाहेर, ठगांच्या कुठल्याही टोळीत होता असं शाबीत होईल, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. कंपनीच्या राज्यातल्या कुठल्याही सक्षम न्यायालयात खटला चालेल, गुन्हा कुठे घडला याला महत्त्व नाही. फतव्याची गरज नाही.

हिंगोलीच्या नजरेने हा मजकूर वाचला तर त्यातल्या एकेका शब्दाचं वजन कळतं. ‘मुलखाबाहेर’ हे हिंगोलीसारख्या गावांसाठीच आहे, कारण हिंगोली कंपनीची नव्हती. निजामाच्या रयतेने निजामाच्या हद्दीत केलेल्या कृत्याला कंपनीचा कायदा लागू झाला. ज्या राज्याने तो केला त्याचा ती रयत भागही नव्हती. ‘टोळीत होता’ म्हणजे खून शाबीत करण्याची गरज राहिली नाही, संगत शाबीत झाली की पुरे. आणि ‘आधी किंवा नंतर’. कृत्य घडलं तेव्हा जो गुन्हा कायद्यात नव्हता, त्याची शिक्षा मागाहून लिहिली गेली. खून तेव्हाही गुन्हा होता, हे खरं. पण टोळीत असणं हा गुन्हा नव्हता, आणि शिक्षा टोळीत असण्याची होती.

या तिन्हींहून मोठी गोष्ट कायद्यात नसलेल्या शब्दाची आहे. ठग म्हणजे कोण, हे कायद्यात कुठेही सांगितलेलं नव्हतं. जन्मठेप ठरली, न्यायालयं ठरली, गुन्हेगाराची व्याख्या मात्र राहून गेली. ती १८४८ च्या तिसऱ्या कायद्याने आली, बारा वर्षांनी! मधल्या काळात ठग कोण हे माफीच्या साक्षीदाराला ठाऊक होतं आणि साहेबाला ठाऊक होतं, तेवढं पुरेसं मानलं गेलं. पहिल्या कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १८३७ साली, आणखी एक कायदा झाला आणि शिक्षा झालेल्या गुन्हेगाराची साक्ष निव्वळ तेवढ्या कारणाने बाद होणार नाही असं ठरलं. चाकाला लागणारा शेवटचा खिळा तो.

त्या वेळी गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदा सदस्य होता थॉमस मेकॉले. एका हाताने १८३६ चा कायदा पुढे जात होता आणि दुसऱ्या हाताने तोच माणूस संपूर्ण हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा लिहीत होता. हेतू असा की माणसाला काय केल्यावर काय शिक्षा होईल हे आधी कळावं, भाषा नेमकी असावी, न्यायाधीशाच्या लहरीला वाव नसावा. असा विरोधाभास मेकॉलेच्या चरित्रात आणखीही आहे. राज्यकर्त्याला तत्त्वं सर्वसाधारण काळासाठी हवी असतात; आणि आपला काळ सर्वसाधारण आहे असं कुठल्याच राज्यकर्त्याला वाटत नाही.

टेलरच्या प्रस्तावनेत १८३१ ते १८३७ पर्यंतचा तक्ता आहे. एकूण ३,२६६ माणसांचा हिशेब. त्यांतली ४१२ फासावर गेली, १,०५९ काळ्या पाण्यावर पेनांग वगैरे ठिकाणी पाठवली गेली, ४८३ माफीचे साक्षीदार झाली. टेलर हे आकडे अभिमानाने देतो. शिक्षा झालेल्यांच्या कपाळावर गोंदवण्याचीही चाल होती, म्हणजे सुटला तरी सुटका नाही. माफीच्या साक्षीदारांना जीवदान मिळालं, स्वातंत्र्य नाही. जबलपूरला त्यांच्यासाठी कारखाना उभा राहिला आणि तिथे ते व त्यांची मुलं तंबू शिवत, गालिचे विणत राहिली. मुलांनी काय केलं होतं, हा प्रश्न तिथे कुणाला विचारावासा वाटला नाही. तो प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रस्ते सुरक्षित झाले, हे मान्य करायला हवं. पण इतिहासकार राधिका सिंघा यांनी कंपनीच्या फौजदारी कायद्यावर १९९८ साली लिहिलेल्या पुस्तकाला ‘अ डिस्पॉटिझम ऑफ लॉ’, म्हणजे कायद्याची हुकूमशाही, असं नाव दिलं आहे. कायद्याचं राज्य आणि कायद्याच्या जोरावरचं राज्य यांत फरक कुठे पडतो, हे त्या नावात आलं. हरिसिंगानेही परवाना घेतला होता. कागद त्याच्याकडेही होता. कागद आहे म्हणून कृत्य कायदेशीर होत नाही, हे त्या व्यापाऱ्याच्या गाडीवानांना जिवानिशी कळलं.

मेकॉलेचा मसुदा धूळ खात राहिला आणि १८६० साली भारतीय दंडसंहिता झाली. तिच्यात ठगांसाठी दोन कलमं आली, ३१० आणि ३११. पहिल्यात व्याख्या, दुसऱ्यात जन्मठेप. ती वाचताना एक जागा चटकन नजरेत भरते. हा कायदा मंजूर झाल्यानंतर कोणत्याही वेळी, असे तिथले शब्द आहेत. ‘आधी किंवा’ गळून पडलं होतं. चोवीस वर्षांनी झालेली ही मुकी दुरुस्ती आहे, आणि माझ्या मते त्या पाचशे अकरा कलमांतली ती सगळ्यात सभ्य दुरुस्ती आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने साथीदाराच्या साक्षीबद्दलही सावधगिरीचा इशारा दिला: दुसऱ्या पुराव्याचा आधार मिळाल्याशिवाय असा साक्षीदार विश्वासार्ह नाही असं न्यायालय गृहीत धरू शकेल.

पण एका दाराने बाहेर घातलेली गोष्ट दुसऱ्या दाराने आत आली, आणि ती अधिक वाईट होऊन आली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. ठगांच्या कायद्यात निदान टोळीत सामील व्हावं लागत होतं. इथे जन्म पुरत होता. जमात सरकारी यादीत आली की तिच्यातल्या माणसाने हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचं नाही. जबलपूरच्या कारखान्यातल्या मुलांचा प्रश्न इथे शेकडो जमातींचा झाला. मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींवर ही छाप बसली आणि सोलापूरला काटेरी तारांची वसाहत उभी राहिली. तो कायदा देशभरात रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. ‘विमुक्त’ हा शब्द त्या तारखेचा आहे. शब्द मिळाला म्हणून पोलिसांची नजर बदलली नाही. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आलं आणि मराठी मध्यमवर्गाने ते धक्का बसल्यासारखं वाचलं. ज्यांच्यावर ते लिहिलं होतं त्यांना धक्का बसायचं कारण नव्हतं.

हे सगळं ब्रिटिश हिंदुस्थानात चाललं होतं. सिद्धेश्वर-हिंगोलीचा मुलूख निजामाचाच राहिला. कंटिंजंट १९०३ साली वेगळी म्हणून उरली नाही आणि हिंगोलीची छावणीही आटोपली. इथला सर्वोच्च कायदा म्हणजे निजामाचं फर्मान. न्यायालयं होती, कायदेमंडळासारखं काही होतं, दंडसंहिताही होती. पण फर्मान निघालं की सगळे बाजूला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे एका निकालात हे स्वच्छ शब्दांत सांगितलं: कायदा करणारा तोच, न्याय देणारा तोच, अंमल करणारा तोच, आणि त्याच्यावर घटनेची कसलीही मर्यादा नाही. ज्या खटल्यात हे लिहिलं गेलं त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

नवाब वलीउद्दौला हे हैदराबादच्या पायगा घराण्यातले उमराव. हजला गेले असता १९३५ साली मदिनेला वारले. मागे मोठी इस्टेट, विवाहित पत्नी अमीरुन्निसा बेगम आणि तिची मुलं. शिवाय आपणही विवाहित पत्नी आहोत असं सांगणाऱ्या महबूब बेगम आणि कादिरन बेगम, त्यांच्या मुलांसह. लग्न झालं होतं की नाही, हा खरं तर काझीच्या न्यायालयाचा प्रश्न. तो तिथे गेलाही. मग फर्मान निघालं आणि तिथून काढून आयोगाकडे दिला गेला. अहवाल आले, मतं मागवली गेली, फर्मानं निघाली. एकाने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतलं. पोलीस कारवाई झाली, १७ सप्टेंबर १९४८ उजाडला, तरी दोन बेगमांचा प्रश्न लोंबकळतच होता. शेवटी १९५० साली हैदराबाद राज्यात चक्क एक कायदा झाला, वलीउद्दौला वारसा कायदा. महबूब बेगम आणि कादिरन बेगम यांचे दावे फेटाळले आहेत आणि त्यावर कुठल्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असं त्यात होतं.

दोन बायका आणि त्यांची लेकरं, एवढ्यांसाठी एक कायदा! फर्मानाने कपडे बदलले होते, इतकंच. राजाच्या सहीऐवजी विधिमंडळाचं नाव आलं.

त्या बायका न्यायालयात गेल्या. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने कायदा रद्द ठरवला आणि डिसेंबर १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. निकाल न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जींचा. युक्तिवाद साधा होता. वारशाचं भांडण असलेली माणसं राज्यात पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांना न्यायालयाचं दार उघडं आहे. मग याच दोघींना ते बंद का? घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात कायद्यापुढची समानता आहे, आणि वारशाचा दावा सांगणाऱ्यांतून कुणी दोघी वेगळ्या काढून त्यांना विधिमंडळाने स्वतःच हरवावं, हे त्या समानतेत बसत नाही. त्या दोघी खरोखर विवाहित होत्या की नव्हत्या, हा न्यायालयाच्या दृष्टीने त्या दिवशीचा प्रश्नच नव्हता. खरं कोण, हे ठरायच्या आधी दोघांनाही विचारलं जावं, एवढंच म्हणणं होतं.

हिंगोलीच्या खटल्यांना हे लावून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. हरिसिंग खुनी होता, यात शंका नाही. पण ३,२६६ जणांत प्रत्येक जण हरिसिंग होता का? हा प्रश्न त्या वेळी न्यायालयाच्या दृष्टीने प्रश्न म्हणून उरलाच नव्हता. कायद्याने तो आधीच सोडवून ठेवला होता.

घटना समितीने विसाव्या अनुच्छेदाच्या पहिल्याच कलमात ‘आधी’ कायमचं बंद केलं. कृत्य करताना जो कायदा अमलात होता त्याच्या भंगाबद्दलच माणूस दोषी ठरेल, आणि त्या वेळी जेवढी शिक्षा देता आली असती त्याहून जास्त देता येणार नाही. हे कलम लिहिताना कुणाच्या मनात १८३६ चा कायदा होता असा माझा दावा नाही. त्या मागच्या तारखेच्या कायद्याला मात्र याहून नेमकं उत्तर नाही.

उत्तर लिहून ठेवलं तरी प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतो. महाराष्ट्राने १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध मकोका केला. मुंबईतल्या टोळ्यांनी तेव्हा खंडणी आणि सुपारी हे शब्द घराघरांत नेले होते. गरज खरी होती, जशी हिंगोलीच्या बाजारात होती. या कायद्यात टोळीचा सदस्य असणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, जामीन कठीण आहे आणि पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य आहे. मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल झालेली असणं ही त्याची एक अट. मग वाद आला तो जुनाच: सगळी आरोपपत्रं कायदा येण्याआधीची असली तर? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारच्या अपिलात सांगितलं की जुनी आरोपपत्रं विचारात घेता येतील, पण कायदा अमलात आल्यानंतर माणसाने काहीतरी बेकायदा केलेलं असलं पाहिजे. मागचं मागे मोजून आजचा गुन्हा उभा राहत नाही. ‘आधी किंवा नंतर’ मधलं ‘किंवा’ तिथे पुन्हा एकदा अडलं.

असल्या निकालांनी कुणी खूश होत नाही. पोलिसांना वाटतं हात बांधले, वर्तमानपत्रं विचारतात गुंड सुटणार का, आणि ज्याच्या दुकानावर खंडणीचा फोन आला त्याला डायसीशी काही देणंघेणं नसतं. त्याची चूक नाही. हिंगोलीच्या त्या व्यापाऱ्याच्या घरच्यांना तरी असतं का? म्हणूनच ही मर्यादा रागाच्या वेळी शोधायची नसते. शेजपाळीसारखी ती पाणी सुटण्याआधी लिहून ठेवावी लागते.

भारतीय दंडसंहिता हिंगोलीला केव्हा आली, तेही पाहण्यासारखं आहे. हैदराबाद राज्य ‘ब’ वर्गातलं असल्याने तिथे भारतीय दंडसंहिता १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली. टेलरने हिंगोलीच्या खड्ड्यांत वाकून पाहिल्याला तोवर शतक उलटून गेलं होतं. म्हणजे ज्या गावाच्या हकिकतीने ठग इंग्लंडला ठाऊक झाले, त्या गावाच्या कायद्यात भारतीय दंडसंहितेचं कलम ३१० आलं ते शंभरावर वर्षांनी, ठग कुठेच उरले नव्हते तेव्हा. ते कलम पुढची त्र्याहत्तर वर्षं तिथे तसंच पडून राहिलं. वकिलीच्या परीक्षेला विद्यार्थी ते हसत पाठ करत.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्यायसंहिता लागू झाली, आणि तिच्यात ठग हा शब्द नाही. तीनशे दहावं कलम आता दरोड्याचं आहे.